तेजाबात घालायचं पाणी

सोनं हा अविनाशी धातू आहे. ते गंजत नाही, कुजत नाही, जमिनीत हजार वर्षं पुरलं तरी जसंच्या तसं वर येतं, आणि म्हणूनच माणसाने त्याला देवाच्या अंगावर जागा दिली, असं मी सोन्याच्या दुकानांच्या उद्घाटनांत किमान पंचवीस वेळा ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या हातात सहसा फीत कापलेली कात्री असते. विधान खरं आहे. सोनं नष्ट होत नाही. फक्त ते हरवतं फार सहज, आणि हरवलं की माणसं ते जमिनीत शोधत नाहीत, शेजारी बसलेल्याच्या खिशात शोधतात.

या अंकाच्या संपादकांनी मला 'सोनेरी आठवणी' लिहायला सांगितलं आहे. माझ्या आठवणी बऱ्याचशा तपकिरी आहेत. का, ते पुढे येईलच.

मी सोनार. आधी तीसेक वर्षं कट्टा गावच्या बाजारात, एस.टी.च्या थांब्यासमोर भाड्याच्या गाळ्यात. नंतर मालवणजवळ खाडीकाठी बांधलेल्या स्वतःच्या घराच्या पडवीत. दागिने घडवायचोच, पण आसपासचे कारागीर मला ओळखायचे ते वेगळ्याच कामासाठी. दागिना घडवताना सोनं सांडतं. कानशीने घासलं की चुरा पडतो, तार ओढली की टोकं उरतात, चकाकी देताना धूळ उडते, एखादी कुडी बिघडते. हे सगळं वर्षभर डब्यात साठत जातं. त्यात सोनं असतं, तांबं असतं, चांदी असते, सांधायला वापरलेला डाख असतो, कानशीचं लोखंड असतं, आणि बसायच्या चटईचे धागेही असतात. या कचऱ्यातून सोनं वेगळं काढायचं, ते माझं काम.

बाहेरच्या माणसाला यातली एक गोष्ट नेहमी उलटी वाटते. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालावी लागते, तीही सोन्याच्या तिप्पट. चुरा जाळून घ्यायचा, चुंबक फिरवून लोखंड काढायचं, टाकणखार घालून मुशीत आटवायचं, मग चांदी मिसळून पुन्हा आटवायचं आणि तो रस पाण्यात ओतून त्याचे रवे पाडायचे. सोन्याच्या पोटात दडलेल्या तांब्या-चांदीपर्यंत तेजाब पोचत नाही. चांदी भरपूर असली की त्याला वाट मिळते. ते चांदी आणि तांबं खाऊन टाकतं आणि सोनं तळाशी उरतं. ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा नाचणीच्या ओल्या पिठासारखं दिसतं. उद्घाटनांत हे कुणी सांगत नाही.

तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. ते चांदी खातं तेव्हा तपकिरी धूर निघतो. या धुराची लबाडी अशी, की तो लागल्या लागल्या फार त्रास देत नाही. घसा थोडा खवखवतो, दोन वेळा खोकला येतो. माणूस घरी जातो, जेवतो, वामकुक्षी घेतो. सहा-आठ तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. म्हणून आमच्याकडे हे काम सकाळी लवकर, उघड्यावर, मतलई वाऱ्यात करायचं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, धूर घेऊन जातो. दहाच्या सुमारास वारा फिरतो आणि तोच धूर घरात घेऊन येतो. त्याआधी भांडं झाकलेलं असलं पाहिजे. शाळेत भूगोलात शिकलेलं पुढे उपयोगी पडलं असं सांगणारी माणसं कमी असतात. त्यांत मी एक आहे.

मला हे शिकवलं ते घाटावरच्या गलाईवाल्या आबांनी. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात घाटावरची माणसं देशभर पसरली आहेत. आबा त्यांतलेच, एक पावसाळा कट्ट्याला आमच्या शेजारी राहिले. त्यांचं प्रमाण ठरलेलं होतं. एक वाटा तेजाब, एक वाटा विहिरीचं पाणी. आधी पाणी, मग त्यात तेजाब. उलट केलंत तर तोंडावर उडेल. आणि पाणी नळाचं नको, त्यात औषध घालतात, विहिरीचंच हवं. मी वाचणारा माणूस आहे, घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. पण आबांनी सांगितलेलं कधी कुठल्या पुस्तकात पडताळून पाहिलं नाही, कारण कट्ट्याला ते तीस वर्षं बिनबोभाट चाललं.

या तीस वर्षांत माझ्या शेजारच्या पाटावर भिकाजी बसायचा. वालावलचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, हात माझ्याहून चांगला. हे मी पूर्वी गिऱ्हाइकांसमोर कबूल करत नसे. दोघांचा चुरा एकाच डब्यात पडायचा, आणि अक्षय्यतृतीयेच्या आधी आम्ही तो एकत्र गाळून निम्मा-निम्मा वाटून घ्यायचो. कुणाचं किती सांडलं हे आम्ही कधी विचारलं नाही. भिकाजी म्हणायचा, "जास्ती सांडता तो वायट कारागीर. मगे तू निम्म्यार खूश ऱ्हव."

सोनाराच्या पेढीवर एक रीत असते. उठताना कारागिराने हात वाटीतल्या पाण्यात धुवायचे, अंगावरचं फडकं झटकायचं आणि कागद पसरून त्यावर केस विंचरायचे. केसांत बारीक चुरा अडकतो. वाटीतलं पाणी, कागदावरचं जे काय असेल ते, सगळं डब्यात. हे नव्या माणसाला सांगावं लागतं; जुना आपणहून करतो, आणि त्याच्यावर नजर ठेवायची नसते. कंगवा हातात देणं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं.

नऊ वर्षांपूर्वी मी घर बांधलं आणि पेढी खाडीकाठी आणली. भिकाजी वालावलहून रोज दोन गाड्या बदलून यायचा. घराला विहीर होती. पिण्याला नळ होता, विहीर भांडी-कपड्यांना. पावसाळ्यात पाणी छान. होळीनंतर जरा मचूळ लागायचं, पण ते पीत कोण होतं.

पहिल्याच वर्षी अक्षय्यतृतीयेच्या आधी आम्ही आटणी काढली. पहाटेच वारा बघून परसात काचेचं भांडं मांडलं, विहिरीचं पाणी घातलं, तेजाब घातलं, रवे सोडले. तेजाब फसफसलं, धूर खाडीकडे गेला. थोड्या वेळाने भांड्यातलं पाणी पांढरं व्हायला लागलं. ताक फुटावं तसे चुरे तरंगायला लागले.

भिकाजी वाकून म्हणाला, "अनंता, ह्या दुधासारख्या कित्याक झाला?"

"तेजाब भेसळीचा असतला," मी म्हटलं. "तो कॅनवालो माका पयल्यापासना लबाड वाटता."

कॅनवाल्याला शिव्या देऊन आम्ही ते पाणी गाळलं, खालचं सोनं वेगळं ठेवलं. अशी दुसरी उकळी काढावी लागते, नव्या तेजाबात आणि नव्या पाण्यात, म्हणजे उरलीसुरली चांदी जाते. पण माझी दाढ चार दिवस ठणकत होती आणि कणकवलीच्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिलेली. मी भिकाजीला म्हटलं, दुसरी उकळी तू काढ, वारा फिरायच्या आत आटप, आणि साडेआठची गाडी धरली.

दुपारी परत आलो तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं. भिकाजीने सोनं धुऊन, वाळवून, आटवून छोटी लगड करून ठेवली होती. मी ती काट्यावर ठेवली. पुन्हा ठेवली. इतक्या वर्षांत डब्यातून किती निघणार हे मला डबा उचलूनच कळायचं. एका वेढण्याचं, म्हणजे साध्या वळ्याच्या अंगठीचं, सोनं कमी होतं.

"कमी आसा," मी म्हटलं.

"माकाय तसाच वाटला," भिकाजी म्हणाला. "दुसऱ्या उकळीचा पाणी जरा पिवळा दिसला. मिया बाजूक काढून ठेवलंय. बघ."

कोपऱ्यात बरणी होती. खरंच फिकट पिवळं पाणी होतं तिच्यात. मी ती उचलली, परसात नेली आणि चुन्याच्या खड्ड्यात ओतली. तेजाबाचं पाणी शमवायला आमचा चुन्याचा खड्डा होता. "सोना पाण्यात शोधतंस?" असं काहीसं मी म्हटलं. बधिर तोंडाने ते कसं ऐकू आलं असेल, ठाऊक नाही.

मग आत आलो, जमिनीवर कागद पसरला आणि त्यावर कंगवा ठेवला.

भिकाजी कंगव्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यावर तेव्हाच फक्त कानांमागे केस उरले होते. तो खाली बसला. आधी डाव्या कानामागचे विंचरले, मग उजव्या. फडकं झटकलं. नखं कागदावर खरवडली. वाटीत हात धुतले आणि वाटी माझ्यासमोर सरकवली. कागदावर थोडा कोंडा पडला होता. त्याने स्वतःची हातोडी आणि चिमटा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि गेला. मी त्याला चोर म्हटलं नाही, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

लोक विचारायचे, भिकाजी दिसत नाही हल्ली? मी म्हणायचो, "त्यालाच विचारा." एवढ्याने काम होतं. महिन्याभरात कट्टा ते कुडाळ एकाही पेढीवर त्याला पाट मिळेना.

यातला एक साधा मुद्दा मला फार उशिरा सुचला. त्या डब्यातलं निम्मं सोनं त्याचंच होतं. चोरी केली असती तर निम्मी त्याने स्वतःच्याच घरात केली असती.

पुढे मी गाळायचं बंद केलं. हे काम एकट्याने करायचं नसतं. एकजण भांड्याशी आणि दुसरा वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब उभा, पहिला पडला तर ओढून काढायला, हा आबांचा नियम मला पाठ होता. दुसरा माणूस उरला नाही. डबा मी कोल्हापूरला पाठवायला लागलो. भिकाजी मात्र गाळत राहिला. पाट नाही म्हटल्यावर तेवढंच काम उरलं होतं. गोव्याकडचे दोन-तीन सोनार त्याला चुरा आणून द्यायचे. वालावलला घराच्या मागच्या पडवीत तो एकटा भांडं मांडायचा. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी पाऊस आडवा येत होता, भांड्यात पाणी उडू नये म्हणून त्याने पडवीचं दार ओढून घेतलं. धूर झाला. तो खोकत बाहेर आला, बरं वाटलं, पेज जेवला. संध्याकाळी त्याच्या तोंडातून फेस यायला लागला. कुडाळला नेलं, तिथून पुढे नेलं. जगला. पण फुप्फुसं गेली ती गेलीच. हे मला दोन दिवसांत कळलं होतं. मी भेटायला गेलो नाही. काय म्हणून जायचं, ते ठरत नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात सायरा आली. देवगडची, वडिलांचा मासळीचा धंदा. मुलगी बी.एस्सी. झालेली, दागिने घडवायला शिकलेली, बंदराजवळ घरातच पाट टाकून बारीक, सुबक काम करणारी. वर्षभराचा चुरा एका बिस्किटाच्या डब्यात घेऊन आली होती. सोबत चष्मा, रबरी हातमोजे आणि कापडी मास्क.

"काका, मोबाईलवर बघलंय. धा मिनटांत सोना भायर काढतत," ती म्हणाली.

"तेंका पाच मिनटा पुरतत. उरलेल्या पाचांत गाणी लावतत," मी म्हटलं.

तिला मी आधी तोच सल्ला दिला जो मी सगळ्यांना देतो: करू नको. चुरा जमव, शिक्का मारलेल्या पाकिटात घालून गाळणाऱ्याकडे पाठव, थोडं कमी येईल, पण पोरी, छाती शाबूत राहील. ती म्हणाली, पाठवलेलं दोनदा. दोन्ही वेळा खूप कमी आलं. आणि कारण विचारलं तर हसले.

मग सांगावंच लागलं. मास्क पिशवीत परत ठेवायला लावला, कारण तो या धुराला अडवत नाही, नुसता धीर देतो, आणि धीर इथे सगळ्यांत धोक्याचा. घरात कधीच नाही, पाऊस असो की पाहुणे. पाऊस असेल तर त्या दिवशी करायचं नाही, सोनं कुठे पळून जात नाही. जवळ पाण्याची बादली आणि खाण्याच्या सोड्याचा डबा हवा. तेजाब काचेच्या बाटलीत, नाव लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं. भांडं घरातलं वापरायचं नाही, आणि वापरलेलं पुन्हा घरात न्यायचं नाही. जुने दागिने आटवताना त्यांचा डाख कसला ते बघायचं. एकेकाळी दुकानांच्या पाट्यांवर मोठ्या अक्षरात केडीएम लिहिलेलं असे आणि लोक ते शुद्धतेचं बिरुद समजून दोन पैसे जास्त देत. ती डाखातल्या कॅडमियमची अक्षरं होती. त्याच्या धुराने किती कारागीर आजारी पडले ते पाटीवर लिहीत नसत. आणि वापरलेलं पाणी खाडीत, गटारात, माडाच्या मुळाशी ओतायचं नाही.

सायरा वहीत लिहून घेत होती. "आणि पाणी खयचा?" तिने विचारलं.

"विहिरीचा."

तिने रहाटावरून तांब्याभर पाणी काढलं. आणताना एक थेंब जिभेला लावला आणि थांबली. मग तिने पर्समधून औषधाची छोटी बाटली काढली. तिने आधी चांदी तेजाबात विरघळवून पाहिली होती, त्याचं पाणी होतं. पेल्यात विहिरीचं पाणी घेऊन तिने त्यात एक थेंब टाकला. पेल्यात दही लागलं.

"काका, ह्या पाण्यात मीठ आसा."

"उन्हाळ्यात आसता जरा. खाडीचा पाणी आत येता. भांड्यांका चलता."

"भांड्यांका चलता," ती म्हणाली. "तेजाबाक नाय चलणा. तेजाब आणि मीठ म्हणजे सोना विरघळता. शाळेत होता की, काका. आम्लराज."

होतं. आम्लराज म्हणजे काय, त्यावर थोडक्यात टीप लिहा. मी ती लिहिली होती आणि मला पूर्ण गुण होते. तेजाब एकटं सोन्याला हात लावत नाही. मिठाच्या अंशासोबत ते सोन्याला पाण्यात मिसळून टाकतं, आणि पाणी फिकट पिवळं होतं. पहिल्या उकळीत मीठ चांदीने गिळलं, ते दही झालं. दुसऱ्या उकळीला गिळायला तेवढी चांदी उरली नव्हती. घाटावरच्या आबांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या गावापासून समुद्र फार लांब. कट्ट्याची विहीर गोड. खाडीकाठी मी विहीर बदलली आणि पाठांतर तेच ठेवलं.

सायरा विचारत होती, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, वारा फिरला, आज राहू दे. तिला डिस्टिल्ड वॉटर आणायला सांगून परत पाठवली. ते गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं, स्वस्त असतं, कुणीही देतं.

मी वालावलला गेलो तो दुसऱ्या आठवड्यात. आठवडाभर मी काय करत होतो ते मला सांगता येणार नाही. भिकाजी अंगणात खुर्चीवर बसला होता, समोर पाण्याकडे तोंड करून. बारीक झाला होता. तीन-चार शब्द बोलायचा आणि थांबायचा, श्वास मागून येईपर्यंत.

"इलंस?" तो म्हणाला.

"इलंय."

वहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि आत गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं. विहीर, मीठ, पिवळं पाणी, चुन्याचा खड्डा. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "माका ठावक आसा."

"कधीपासना?"

"दुसऱ्याच वर्साक. हय गाळलंय. हयचा पाणी गोडा. सोना पुरा इला." थांबला. "मगे समाजला."

"मगे सांगूक इलंस नाय?"

"निघालेलंय. थांब्यापर्यंत गेलंय." बराच वेळ थांबला. "मगे मनात इला, ह्यो म्हणतलो, चोर आता पाण्याचा नाव सांगूक इलो. परत फिरलंय."

मी म्हटलं, चूक माझी होती.

"ता माका तेवाच ठावक होता," तो म्हणाला. "तुका ठावक होवक इतकी वर्सा लागली."

माझ्याकडे राहिला असतास तर तो धूर लागला नसता, हे मला म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. तोच म्हणाला, पडवीचं दार त्याने स्वतःच्या हाताने ओढलं, त्यात माझा काही संबंध नाही. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. त्याचा उलटाच परिणाम झाला. उठताना मी विचारलं, मी काय करू?

"तू खयच चोर म्हणाक नाय," तो म्हणाला. "पण सगळे समाजले. आता चार लोकांत सांग. तोंडान सांग."

चार लोक एकत्र भेटायचे तर आमच्या सोनारांच्या संघटनेचा वार्षिक मेळावा बरा. मी अध्यक्षांना भेटलो आणि म्हटलं, मला मेळाव्यात दोन मिनिटं बोलायचं आहे. काय बोलायचं तेही सांगितलं. अध्यक्षांना वाईट वाटलं. त्यांनी मान हलवली, कार्यक्रमपत्रिका काढली आणि म्हणाले, निवेदन यात बसत नाही. सत्कार बसतो. ज्येष्ठ कारागिरांचे सत्कार ठेवलेत, त्यांत भिकाजींचं नाव घालूया, त्या वेळी तुम्ही दोन शब्द बोला.

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी लोकांसमोर त्याचं नाव घेतलं जाईल, मी बोलेन, तो ऐकेल. मी वालावलला जाऊन सांगून आलो. वहिनींनी त्याचा पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

सभागृह पहिल्या मजल्यावर होतं. हे मला माहीत होतं, त्या जिन्याने मी वीस वेळा गेलो असेन, पण विहिरीसारखंच ते माझ्या लक्षात आलं नाही. भिकाजी रिक्षातून उतरला, पाच पायऱ्या चढला आणि कठड्याला धरून उभा राहिला. कार्यकर्ते धावत आले. आपण खुर्चीत बसवून वर नेऊ, चौघं उचलू, असं एकाने सुचवलं.

"खुर्चेत घालून न्हेवक मी काय गणपती आसंय?" भिकाजी म्हणाला. खाली बसतो म्हणाला. मला म्हणाला, "तू जा. सांग."

वर स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, अध्यक्षांचं भाषण झालं. सोनं हा अविनाशी धातू आहे, हे त्यांनीही सांगितलं. सत्कारांना उशीर झाल्याने माझी दोन मिनिटं एक झाली. मी माईकशी गेलो आणि लिहून आणलेली चार वाक्यं वाचली. भिकाजीने सोनं चोरलं नव्हतं. ते माझ्या विहिरीच्या खारट पाण्याने विरघळलं आणि मी ते माझ्या हाताने ओतलं. मी त्याच्यावर संशय घेतला आणि तो तुम्हा सगळ्यांपर्यंत पोचू दिला. त्याचे हाल झाले त्याला मी कारण आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, इतकी वर्षं या क्षेत्रात राहूनही किती हा विनम्र स्वभाव, आणि ज्येष्ठ कारागीर प्रकृतीमुळे उपस्थित राहू शकत नसल्याने त्यांच्या वतीने आपले अनंतशेट सत्कार स्वीकारतील. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, त्यात खाली माझं नाव होतं.

मी खाली आलो. भिकाजी पायरीवर बसला होता. इस्त्रीचा सदरा मागे भिंतीला घासून मळला होता.

"सांगलंस?"

"सांगलंय."

"मगे?"

"टाळ्यो वाजवल्यानी."

त्याने मान हलवली. मी शाल उतरवून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती अंगठा आणि बोटात धरून चोळली, तार ओढताना पारखायचा तशी. मग काठाचा एक धागा उपसला, रिक्षावाल्याकडून काडेपेटी मागितली आणि धागा जाळून बघितला. धागा आवळला, त्याच्या टोकाला काळा मणी झाला.

शाल पॉलिस्टरची होती.